विहिरीचें पाणी, नदीचें पाणी व शेतावरील धूर : दोष कोणाचा आणि उपाय कोणता?

शेतकऱ्यास त्याची मालमत्ता कोणती असें विचारलें, तर तो सात-बाराच्या उताऱ्याकडे बोट दाखवितो. प्रस्तुत लेखकाचें तीस वर्षांहून अधिक आयुष्य महसूल खात्याच्या नोकरींत असले उतारे लिहिण्यांत व तपासण्यांत गेलें. त्यांत क्षेत्र लिहिलेलें असतें, आकार लिहिलेला असतो, कोणतें पीक किती आरांत आहे व जलसिंचनाचें साधन कोणतें हेंहि लिहिलेलें असतें. परंतु विहिरींतील पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं, आणि बांधावरून वाहणारी हवा श्वासास योग्य आहे कीं नाहीं, यासाठीं त्यांत रकाना नाहीं. ज्या गोष्टीस रकाना नाहीं तिची नोंद होत नाहीं. आणि जिची नोंद होत नाहीं ती बिघडली तरी पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या स्वतःच्या बाबतींत असेंच घडलें. ती हकीकत प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळूं.

एका अर्जाची हकीकत

आमचें गांव नदीकांठीं, ऊंसाच्या मुलखांत आहे. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत एके दिवशीं पहाटे नदींत मेलेल्या माशांचा खच पडला, पाण्यास तांबूस-काळा रंग आला व दुर्गंधीमुळें घाटावर उभें राहवेना. त्याच सुमारास गांवांतील वीस-बावीस विहिरींचें पाणी मचूळ झाल्याची ओरड होती. आम्ही नोकरींतून नुकतेच मोकळे झालेले व अर्ज लिहिण्यांत हात बसलेला, म्हणून गांवकऱ्यांनीं हें काम आमच्याकडे दिलें. आम्हीं मोठ्या झोकांत अर्ज लिहिला : वरच्या अंगास असलेल्या एका कारखान्याचें सांडपाणी नदींत आलें, त्यामुळें मासे मेले, त्यामुळेंच सर्व विहिरी नासल्या, सबब नुकसानभरपाई मिळावी. खालीं चाळीस सह्या झाल्या.

चौकशीसाठीं अधिकारी आले ते अर्जानंतर सतराव्या दिवशीं. तोंपर्यंत धरणाचें पाणी सुटून नदी स्वच्छ वाहूं लागली होती. त्यांनीं विहिरी पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला : "भाऊसाहेब, या विहिरींतील पाण्याची पातळी नदीहून तीस-चाळीस फूट उंच आहे. नदीचें पाणी चढावर आलें कसें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अर्ज निकालीं निघाला. त्यांतील नदीविषयींचें म्हणणें अगदीं खरें होतें. परंतु विहिरींविषयींचा चुकीचा भाग त्या खऱ्या भागासहि घेऊन बुडाला.

मग आम्हीं आमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत दिली. पाण्यांत नायट्रेट नांवाचा क्षार मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघाला व मैल्यांतील जंतूहि निघाले. त्या वेळीं आमच्या घरीं चार महिन्यांची नात होती. आईचें दूध पुरत नसल्यामुळें तिला डब्यांतील दुधाची भुकटी याच विहिरीचें पाणी उकळून त्यांत कालवून देत असूं. पाणी उकळलें म्हणजे निर्धास्त झालों, अशी आमची समजूत. प्रयोगशाळेंतील बाईंनीं हें ऐकतांच हातांतला कागद खालीं ठेवला व त्या म्हणाल्या, "काका, आजपासून हें पाणी बाळाला देऊं नका. उकळून जंतु मरतील, पण नायट्रेट जात नाहीं. पाणी आटेल तसें तें उलट दाट होतें." नात सुदैवानें सुखरूप आहे. परंतु दुसऱ्याच्या नांवानें अर्ज लिहिण्यापूर्वीं आपली विहीर पाहून घ्यावी, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला. नदी व विहीर हीं दोन निराळीं दुखणीं असून त्यांचीं कारणें निराळीं आहेत, हें समजून घेणें हाच या लेखाचा हेतु आहे.

नदीचें दुखणें

हवेंतील प्राणवायु पाण्यांत थोड्या प्रमाणांत विरघळलेला असतो. आपल्याकडील उष्णमानांत स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या एका लिटरांत तो सुमारें ७ ते ८ मिलिग्रॅम भरतो. मासे त्यावर जगतात. तो ४ मिलिग्रॅमच्या खालीं गेला कीं पुष्कळ जातींचे मासे कासावीस होतात. आतां साखरेचा अंश, मळी, शेण, मैला असा कुजणारा माल पाण्यांत पडला, म्हणजे तो कुजविण्याचें काम सूक्ष्म जीवाणु करितात, व तें करतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च करितात. हवेंतून नवा प्राणवायु पाण्यांत उतरण्याच्या वेगापेक्षां हा खर्च जलद झाला, कीं नदीचें दिवाळें निघतें.

मळीपासून मद्यार्क काढल्यावर जें कच्चें सांडपाणी उरतें, त्याच्या एका लिटरास कुजतांना ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहूनहि अधिक प्राणवायु लागतो. आमच्या कारकुनी पद्धतीनें हिशेब करून पहा. नदीच्या एका लिटरांत ८ मिलिग्रॅम प्राणवायु धरला, तर ४०,००० भागिले ८ म्हणजे ५,००० झाले. अर्थात् असें एक लिटर सांडपाणी नदीच्या ५,००० लिटर पाण्यांतील सर्व प्राणवायु फस्त करूं शकतें. सर्वसाधारण नियमाप्रमाणें नदींत सोडावयाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याची ही भूक लिटरास ३० मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. यावरून कच्चें पाणी सोडणाराचा अपराध केवढा आहे तें उघड होईल.

मासे बहुधा पहाटेच मेलेले कां दिसतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. दिवसां पाण्यांतील शेवाळ व वनस्पति उन्हाच्या साहाय्यानें प्राणवायु बाहेर टाकतात. रात्रीं त्याच वनस्पति श्वासासाठीं तो घेतात. त्यामुळें पाण्यांतील प्राणवायूची शिल्लक पहाटे सर्वांत कमी असते. उन्हाळ्यांत नदीचा प्रवाह क्षीण होतो व तापलेल्या पाण्यांत प्राणवायु मुळांतच कमी विरघळतो. म्हणून उन्हाळ्यांतील पहाट ही नदीची सर्वांत अवघड घटका होय.

तथापि नदीचा अपराधी कारखाना एकटाच नव्हे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याची पंचगंगा घ्या. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी घेऊन निघालेली ही नदी नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. वाटेंत तिला कोल्हापूर शहराचा मैला, इचलकरंजीच्या कापड-रंगाईचें पाणी, आणि कांठच्या गांवोगांवचीं गटारें येऊन मिळत आलीं आहेत. शेतांतून वाहून येणारें नत्र व स्फुरद हें नदींतील जलपर्णीचें खतच होय. म्हणून आपल्या शेतांतला वाफसा फुटून गेलेलें पाणी तिकडे जलपर्णी पोसतें. २०१२ सालीं इचलकरंजींत दूषित पाण्यामुळें काविळीची मोठी सांथ आली व तींत माणसें दगावलीं. ज्या गांवाचें गटार थेट ओढ्यांत सुटतें, त्या गांवानें कारखान्याकडे बोट दाखवितांना उरलेलीं तीन बोटें कोणाकडे वळतात तें पहावें.

विहिरीचें दुखणें

युरिया जमिनींत पडला कीं प्रथम त्याचा अमोनिया होतो व नंतर जमिनींतील जीवाणु त्याचें नायट्रेट बनवितात. पीक बहुतांशीं याच रूपानें नत्र घेतें. परंतु नायट्रेटाचा एक दुर्गुण असा, कीं तें मातीच्या कणांस चिकटून राहत नाहीं. पाण्यांत विरघळून पाण्याबरोबर खालीं जातें. पिकानें उचललें तेवढें पिकाचें, बाकीचें मुळांच्या खालीं उतरून विहिरीच्या झऱ्यास मिळतें. शेणाचा उकिरडा व शौचालयाचा खड्डा यांतील नत्रहि याच वाटेनें जातें, व त्याच्या जोडीला रोगजंतु जातात.

पिण्याच्या पाण्यांत एका लिटरास ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतें, अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आंतील बाळाच्या पोटांत अधिक नायट्रेट गेलें, तर त्याचें नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. ओठ व नखें निळसर पडतात आणि प्रसंगीं जीवावर बेततें. अंगावर पिणाऱ्या मुलास हा धोका नाहीं. वरच्या दुधांत विहिरीचें पाणी मिसळलें म्हणजे तो येतो. जंतु मारण्याची पावडर टाकल्यानेंहि नायट्रेट जात नाहीं.

आतां पुन्हां हिशेब. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो नत्र असतें. त्यांतील एक तृतीयांश, म्हणजे सुमारें ७ किलो, पिकास न मिळतां खालीं गेलें असें समजा. एक किलो नत्राचें सुमारें ४.४ किलो नायट्रेट होतें, आणि तें जवळजवळ एक लाख लिटर स्वच्छ पाण्यास मर्यादेच्या कांठावर आणून ठेवतें. म्हणजे एका पोत्याच्या वायां गेलेल्या हिश्शानें सात लाख लिटर पाण्याची वाट लागते. २० फूट व्यासाच्या विहिरींत २० फूट पाणी असलें तर तें पावणेदोन लाख लिटरांच्या आसपास भरतें. एक पोतें अशा चार विहिरींस पुरतें! आणि आपण एका एकरास किती पोतीं टाकितों, हें ज्याचें त्यानें मनाशीं आठवावें.

आमच्या विहिरीपुरता तपास केला, तेव्हां तीन कारणें सांपडलीं. उकिरडा विहिरीपासून वीस फुटांवर, चढाच्या बाजूस होता. शौचालयाचा खड्डा पंचवीस फुटांवर, मुरमांत खणलेला होता. आणि मुरूम पाण्यास गाळण्यापूर्वींच वाट देतो. तिसरें म्हणजे, युरिया फोकून लागलीच पाटानें भरपूर पाणी सोडण्याची आमची जुनी खोड. पाण्याचा मचूळपणा मात्र नायट्रेटाचा नव्हे. अति पाणी दिल्यानें भूजलाची पातळी वर येते, जमिनींतील क्षार त्यांत उतरतात, आणि पुढें जमीनहि क्षारपड होते. शिरोळ तालुक्यांत अशा नापीक झालेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस अधिक सांगणें नलगे. तात्पर्य, कारखान्याचा यांत कांहीं संबंध नव्हता.

हवेचें दुखणें

ऊंस गेल्यावर फडांत काडी लावण्याची चाल आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाहीं. एका एकरांत तीन ते चार टन पाचट निघतें. त्यांत शेंकडा सुमारें अर्धा भाग नत्र असतें, म्हणजे चार टनांत २० किलो. हें जवळजवळ युरियाच्या एका पोत्यांतील नत्राइतकें झालें. युरियाचें पोतें बांधावर ठेवून त्यास कोणी शहाणा मनुष्य काडी लावील काय? जाळल्यानें हें नत्र व सेंद्रिय कर्ब हवेंत जातो. पालाश राखेंत राहतें खरें, परंतु वाऱ्यानें व पाण्यानें त्याचाहि कांहीं भाग उडून वाहून जातो. वरच्या थरांतील उपयुक्त जीवाणु होरपळतात तें निराळेंच.

धुराची गोष्ट याहून गंभीर आहे. धुरांतील अतिसूक्ष्म कण अडीच मायक्रॉनांहूनहि बारीक असतात. मनुष्याचा केंस त्याच्या वीसपट तरी जाड असतो. नाकांतील केंस व घशांतील कफ यांस न जुमानतां ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात व तेथून रक्तांत शिरतात. दमा, जुनाट खोकला व हृदयाचे विकार यांस ते कारण होतात. २००९ सालीं ठरलेल्या राष्ट्रीय प्रमाणाप्रमाणें चोवीस तासांत एका घनमीटर हवेंत या कणांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊं नये. पेटलेल्या फडाच्या खालच्या वाऱ्यास घर असलेल्या म्हाताऱ्यास ही मर्यादा कोणी सांगावी! ठिबकच्या फाटक्या नळ्या, आच्छादनाचा कागद व औषधांचे रिकामे डबे बांधावर जाळणें हें तर त्याहून वाईट, कारण त्या धुरांत विषारी द्रव्यें असतात.

युरिया ओल्या जमिनीवर उघडा पडला तरीहि त्याचा कांहीं भाग अमोनिया होऊन हवेंत उडतो, आणि आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत हें अधिक घडतें. म्हणजे एकाच निष्काळजीपणानें पाणी व हवा अशीं दोन्हीं बिघडतात, व पैसा आपलाच जातो.

शेतकऱ्यानें स्वतः करावयाचे उपाय

(१) उकिरडा व शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व उताराच्या बाजूस असावा. विहिरीस कठडा व सभोंवार फरसबंदी करून बाहेरचें पाणी आंत येऊं देऊं नये.

(२) नत्र एकदम देऊं नये. सुरू ऊंसास लागणीच्या वेळीं शेंकडा १०, सहा ते आठ आठवड्यांनीं ४०, बारा ते सोळा आठवड्यांनीं १० व मोठ्या बांधणीस ४० भाग, अशी विभागणी शिफारशींत आहे. माती तपासून मात्रा ठरवावी, खत मातीआड करावें, आणि त्यावर पाट तुंबवून पाणी देऊं नये. ठिबक असल्यास त्यांतूनच थोडें थोडें द्यावें.

(३) पाचट जाळूं नये. खोडव्यांत तें सऱ्यांत पसरून, दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जीवाणु-संवर्धन टाकून ओलावा राखावा. तें आच्छादन होऊन तण दाबतें, पाणी वांचवितें व अखेर खत होतें.

(४) फवारणीचा पंप विहिरीवर, ओढ्यावर किंवा पाटांत धुऊं नये. औषधाचा डबा तीन वेळां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें, व डब्यास भोंक पाडून तो पुन्हां वापरतां येणार नाहीं असा करावा. फवारणीचें विष माणसास किती जवळ आहे, हें २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत विषबाधेनें गेलेल्या शेतकऱ्यांनीं व मजुरांनीं दाखविलें आहे.

(५) वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. पंप दहा-पंधरा मिनिटें चालवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानें तीन वेळां विसळून भरावी. तीवर गांव, गट नंबर व तारीख लिहून ती त्याच दिवशीं पोंचवावी. जंतूंच्या तपासणीसाठीं मात्र प्रयोगशाळेनेंच दिलेली निर्जंतुक बाटली घ्यावी, व ती विसळूं नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा यासाठीं आहेत.

तक्रार करावयाची ती कशी?

आपलें घर झाडून झाल्यावर दुसऱ्याच्या अपराधाबद्दल अवश्य दाद मागावी. पाण्याच्या प्रदूषणाविषयीं १९७४ चा व हवेविषयीं १९८१ चा कायदा आहे; त्यांचा अंमल आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी : न्यायालयांत पुरावा म्हणून उपयोगी पडतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानें कायद्यांतील रीतीनें घेतलेला नमुना. आपण भरलेली बाटली माहितीपुरती होय. म्हणून अधिकाऱ्यास त्याच दिवशीं बोलावणें हें सर्वांत मोठें काम. दूरध्वनि करून थांबूं नये. त्याच दिवशीं लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. तोंपर्यंत तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग व वास, मेलेल्या माशांची संख्या लिहून ठेवावी, छायाचित्रें घ्यावीं, आणि तलाठी व पंच यांच्या समक्ष पंचनामा करवावा. अर्जांत डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच लिहावें. अनुमान लिहूं नये. नुकसानभरपाईसाठीं २०१० च्या कायद्यानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झालें असून, भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो.

२०२४ च्या उन्हाळ्यांत नदींत पुन्हां मासे मेले. या वेळीं अर्ज एक पानाचा होता. त्यांत विहिरींचें नांव नव्हतें, आणि सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीं तो पोंचला होता. अधिकारी दुपारीं आले व नमुना घेऊन गेले. प्रकरण अद्याप चालू आहे. निकाल काय लागेल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु आतां त्यास निकालीं काढण्यास सबब उरली नाहीं.

विहिरीविषयीं सांगावयाचें तर, उकिरडा हलविला, खड्डा बदलला, खताची रीत सुधारली. दोन पावसाळे गेल्यावर नायट्रेट उतरलें आहे, तरी अद्याप मर्यादेच्या वरच आहे. जें पाणी नासावयास पुष्कळ वर्षें लागलीं, तें एका वर्षांत निवळेल अशी आशा कोणी धरूं नये. आमच्या घरीं पिण्याचें पाणी अजून गांवच्या नळाचेंच येतें.

वाचकांस एवढीच विनंती, कीं सात-बारावर पाण्याचा रकाना नसला तरी आपल्या घरच्या वहींत तो आजच आंखावा. तारीख, विहीर, नायट्रेट, क्षार, जंतु, एवढे पांच रकाने पुरेत. पहिली ओळ भरली, म्हणजे पुढचें काय करावयाचें तें ती ओळच सांगेल.